एसएसएक्स ऑन टूर : धुळ्याच्या उन्हाळ्यात आठ महिने बर्फावरून घसरल्यानंतर

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी एक वापरलेला प्लेस्टेशन २, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचे यंत्र, विकत घेतला. घेण्यामागचा हेतू वेगळाच होता. कॉलेजच्या दिवसांत धुळ्यातल्या गेम पार्लरमध्ये तासाचे पैसे मोजून जी कुस्ती आणि जो फुटबॉल खेळलो, तो एकदा घरी बसून घड्याळाकडे न पाहता खेळायचा होता. विकणाऱ्याने सोबत दहा-बारा डिस्क दिल्या, त्यांतल्या बहुतेक घरी नक्कल करून भरलेल्या होत्या आणि निम्म्या चालल्याच नाहीत. एकच डिस्क मूळ वेष्टनातली, पुस्तिकेसह होती आणि तिच्याकडे आधीच्या मालकाने बहुधा ढुंकूनही पाहिले नसावे, कारण तिच्यावर एक ओरखडा नव्हता. ती डिस्क म्हणजे ‘एसएसएक्स ऑन टूर’. आज जूनमध्ये हे लिहिताना मी त्या कुस्तीची डिस्क शेवटची कधी लावली ते मला आठवत नाही.

हा खेळ २००५ सालच्या ऑक्टोबरचा, ईए कॅनडाने बनवलेला. एसएसएक्स म्हणजे स्नोबोर्ड सुपरक्रॉस, बर्फाच्या उतारावरून एका फळीवर उभे राहून घसरण्याची शर्यत. मालिकेतला पहिला खेळ २००० साली प्लेस्टेशन २ अमेरिकेत आला तेव्हा त्याच्याबरोबरच आला, २००१ साली ‘ट्रिकी’ आला आणि २००३ साली तिसरा. तिसऱ्याचे नाव आजही निघते ते त्यातल्या डोंगरामुळे. एकच प्रचंड पर्वत, त्याची तीन शिखरे, आणि सर्वांत उंच टोकावरून निघालेला माणूस कुठेही न थांबता जवळजवळ अर्धा तास खालीच येत राहतो. ‘ऑन टूर’ने नेमका तो सलग डोंगर तोडला आणि त्याचे सुटे सुटे तुकडे केले. त्यात पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर २००५ मध्ये, एक्सबॉक्स ३६० बाजारात आला आणि सगळ्यांचे लक्ष नव्या यंत्राकडे वळले. मोठ्या भावाने नाव काढलेले आणि दारात नवे पाहुणे आलेले, अशा वेळी जन्मलेल्या मुलाचे जे होते तेच याचे झाले. आपल्याकडे तर प्रश्नच नव्हता. पार्लरमध्ये जी डिस्क चौघे मिळून खेळतील तीच दुकानदार लावणार, आणि ज्या गावाने बर्फ फक्त गोळ्याच्या गाडीवर पाहिला आहे तिथे बर्फावरच्या फळीसाठी कोण पैसे टाकणार?

मला हा खेळ कशामुळे धरून राहिला, ते सांगायचे तर आधी उडीविषयी सांगावे लागेल, कारण सगळा खेळ उडीत आहे. कंट्रोलरवरचे क्रॉसचे (×) बटण दाबून धरले की खेळाडू गुडघ्यांत वाकतो. त्याच अवस्थेत दिशेचे बटणही दाबून ठेवले की त्याच्या अंगात पीळ भरू लागतो, आणि कड्यावर येऊन क्रॉस सोडले की तो पीळ हवेत सुटतो. लहानपणी भोवऱ्याला दोरी गुंडाळताना जो नियम हाताला कळलेला असतो तोच इथे आहे. दोरी सैल गुंडाळली तर भोवरा दोन गिरक्यांत लोळतो, घट्ट गुंडाळून चुकीच्या क्षणी सोडली तर तो भलतीकडे उडतो. डावी-उजवीकडे पीळ भरला तर गिरकी, वर-खाली भरला तर कोलांटी. हवेत असताना खांद्याकडच्या चार बटणांपैकी एखादे किंवा दोन मिळून दाबले की खेळाडू हाताने फळी वेगवेगळ्या जागी पकडतो. एक पूर्ण गिरकी म्हणजे ३६०, दीड म्हणजे ५४०, दोन म्हणजे ७२०. हे आकडे अंशांचे आहेत, एवढे कळले की या खेळाची अर्धी भाषा कळते.

आणि मग उतरणे. पहिले दोन महिने मी गिरक्या मोजत होतो. तिसऱ्या महिन्यात लक्षात आले की मोजायची असते ती जमीन. फळी ज्या दिशेने टेकते ती दिशा आणि उताराची दिशा यांत फार फरक पडला की खेळाडू तोंडावर पडतो, सगळे गुण जातात आणि वेगही जातो. म्हणजे दोन गिरक्या मारण्याएवढा पीळ भरलेला असला तरी खाली जमीन लवकर येते आहे असे दिसल्याबरोबर बटण सोडून दीडवर थांबता आले पाहिजे, आणि दीडवर थांबल्यावर माणूस मागच्या पायाने पुढे उतरणार हेही आधीच मनात धरले पाहिजे. एका उतारावर, डाव्या हाताला झाडांची रांग संपते तिथे एक लपलेला उंचवटा आहे. त्याच्यापलीकडे जमीन एकदम खोल जाते, त्यामुळे हवेत नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ मिळतो, पण ते उडी मारेपर्यंत दिसत नाही. तिथे मी इतक्या वेळा पडलो, की एका रात्री ती उडी साधली आणि फळी बर्फावर ‘खस्स’ असा आवाज करत टेकली, तेव्हा मी कंट्रोलर खाली ठेवून पाणी प्यायला उठलो. (आमच्याकडे कंट्रोलरला अजूनही रिमोटच म्हणतात. मी नाद सोडला आहे.)

तो आवाज हा या खेळाचा फारसा न बोलला जाणारा गुण आहे. मऊ भुसभुशीत बर्फावर फळी जवळजवळ मुकी होते, कडक गोठलेल्या भागावर ती खरवडते, आणि लोखंडी कठड्यावरून घसरताना तिचा सूर पालटतो. मी खरा बर्फाळ उतार पाहिलेला नाही. आमच्या खान्देशात गोठलेले पाणी पाहायचे तर नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या डाब किंवा वालंब्याला जानेवारीच्या पहाटे जावे लागते, तिथे कडाक्याच्या थंडीत गवतावरचे दव गोठते. एकदा मी ते बोटाने खरवडून पाहिले आहे. तेवढ्या भांडवलावर माझे मत असे, की हा आवाज बनवणाऱ्याने तो कानाने ऐकून बनवलेला आहे.

आता तक्रार. खेळाडूने काही युक्त्या साधल्या की एक पट्टी भरत जाते. ती खर्चून वेग वाढवता येतो, हे मालिकेत पूर्वीपासून आहे आणि उत्तम आहे, कारण शर्यतीत वेगासाठी युक्ती करावी लागते आणि युक्तीत पडलो तर शर्यत जाते. परंतु ‘ऑन टूर’मध्ये पट्टी भरल्यावर कंट्रोलरवरची उजवी दांडी हलवली की ‘मॉन्स्टर ट्रिक’ होते. वेळ मंदावते, चित्र बदलते, खेळाडू हवेत फळीवरून सुटून अचाट काहीतरी करतो आणि भरमसाट गुण मिळतात. पहिल्या आठवड्यात याने डोळे दिपतात. चौथ्या महिन्यात मात्र मला ते परीक्षेत गाईडमधले उत्तर उतरवून काढल्यासारखे वाटू लागले. ज्या पिळासाठी आणि उतरण्यासाठी मी महिनोन् महिने बोटे झिजवली, त्याहून कितीतरी जास्त गुण एक दांडी हलवून मिळतात, आणि गुणांच्या स्पर्धेत तसे केल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. म्हणून मी आता गुणांच्या स्पर्धा गरजेपुरत्या खेळतो आणि बाकी वेळ शर्यतीला देतो. माझ्या दृष्टीने हा खेळ शर्यतीतच खरा आहे.

खेळाचे रूप कसे आहे हे सांगायला मी योग्य माणूस आहे, कारण मी हायस्कूलमध्ये शिकवतो आणि वर्षाला शेकडो वह्या तपासतो. यातला मेनू, सूचना, मधली चित्रे, सगळे काही मुलाने वहीच्या मागच्या पानावर बॉलपेनने गिरवावे तसे काढलेले आहे. कवट्या, ज्वाळा, गिटारी, छायांकनासाठी मारलेल्या आडव्यातिडव्या रेषा. दहावीच्या वर्गात तास कंटाळवाणा झाला (माझाही होतो) की शेवटच्या बाकावर हेच चाललेले असते, फक्त तिथे कवटीच्या जागी वाघ किंवा शिवाजी महाराज असतात. २००५ साली अनेक खेळ खरेखुरे दिसण्याच्या खटाटोपात होते, आणि ते आज मातीच्या बाहुल्यांसारखे दिसतात. ही वहीतली चित्रे जशीच्या तशी टिकली आहेत, कारण ती कधी खरी दिसायला निघालीच नव्हती. खेळाची सुरुवात होते ती आयर्न मेडन या ब्रिटिश बँडच्या १९८२ सालच्या ‘रन टू द हिल्स’ या गाण्याने. नावावरून मला वाटले की डोंगराकडे पळण्याचे गाणे म्हणून निवडले असेल. प्रत्यक्षात ते अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवर गोऱ्यांनी केलेल्या अत्याचाराचे गाणे आहे. त्याचा बर्फाशी संबंध नाही, पण त्याची लय मात्र उतारावरून सुटलेल्या माणसाच्या छातीला चपखल बसते.

या खेळातला मोठा बदल म्हणजे स्की. मालिकेत प्रथमच एका फळीऐवजी दोन पायांना दोन पट्ट्या बांधून उतरण्याची सोय इथे मिळाली. यात एक गंमत आहे. १९६५ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थाने आपल्या मुलींना खेळायला म्हणून दोन स्की शेजारी शेजारी जोडून एक फळी केली, आणि आजच्या स्नोबोर्डच्या वंशावळीत त्या खेळण्याचे नाव वर घेतले जाते. म्हणजे जी जोडणी करून हा खेळ जन्मला, ती चाळीस वर्षांनी या डिस्कमध्ये पुन्हा सोडवली गेली. माझ्या हाताला स्की वळणात अधिक हलक्या वाटतात आणि फळी हवेत अधिक भरवशाची. दोन महिने स्की वापरून मी परत फळीवर आलो, आणि डावा पाय पुढे ठेवणाऱ्यांतला आहे. उजवा पाय पुढे ठेवणाऱ्याला या लोकांत ‘गूफी’ म्हणतात, माझा पुतण्या त्यातला.

डोंगराचे तुकडे केले म्हणून ज्यांनी या खेळाला नावे ठेवली, त्यांचे म्हणणे मला समजते. इथे आपला खेळाडू आपणच बनवतो, मग तळापासून क्रमवारीत वर चढत जायचे. कओरी, एलिस, मॅक ही आधीच्या खेळांतली रंगेल पात्रे या मुख्य दौऱ्यात बाजूला पडतात आणि आपला स्वतःचा खेळाडू त्यांच्यापुढे बराच निर्गुण निराकार राहतो. छोटी आव्हाने, मोठ्या स्पर्धा, मिळालेल्या पैशांतून नवा बोर्ड आणि नवे कपडे, असे चक्र चालते, आणि दौऱ्याच्या दुसऱ्या अर्ध्यात तेच उतार पुन्हा पुन्हा समोर येतात हे खरे आहे. पण ज्याला रात्री जेवण झाल्यावर आणि पेपर तपासून झाल्यावर जेमतेम अर्धा तास मिळतो, आणि त्यातही एप्रिल-मे महिन्यांत वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, त्याला तीन-चार मिनिटांत संपणारे आव्हान म्हणजे सोय आहे. अर्ध्या तासाचा अखंड उतार मला महिन्यातून एकदा रविवारी परवडतो. हे तुकडे मी रोज खेळलो. आणि पुन्हा पुन्हा तोच उतार आल्यामुळेच झाडांमागचा तो उंचवटा मला सापडला, हेही मान्य केले पाहिजे. शिवाय या उतारांवर आपण एकटे नसतो. साधी, हौशी माणसे आपापल्या गतीने घसरत असतात आणि त्यांच्यातून वाट काढावी लागते. आग्रा रोडवर संध्याकाळी गाडी चालवणाऱ्याला याचे वेगळे शिक्षण लागत नाही.

यंत्राविषयी तीन गोष्टी सांगतो, कारण हा खेळ आज घ्यायचा तर त्या आधी भेटतील. माझा प्लेस्टेशन चपटा, बाहेर अडॅप्टर असलेला आहे. अडॅप्टरवर साडेआठ व्होल्ट आणि ५.६५ अँपिअर असे छापलेले असते, म्हणजे हिशेब केला तर जास्तीत जास्त ४८ वॉट. घरातला इन्व्हर्टर त्याला सहज पोसतो, टीव्हीच जास्त खातो. टीव्हीची मात्र मोठी मेख आहे. हॉलमधल्या चपट्या टीव्हीला पिवळी, पांढरी, लाल वायर लावली तेव्हा चित्र धुरकट दिसले हे सोडा, पण बटण दाबणे आणि खेळाडूने उडी मारणे यांत किंचित अंतर पडू लागले. जुना सिग्नल स्वतःच्या पडद्यासाठी पालटून घ्यायला टीव्हीला वेळ लागतो. कुस्तीत तो कळला नसता. इथे कड्याच्या टोकावर बटण सोडायचे असल्याने तो पावलोपावली कळतो, आणि माझा पुतण्या “काका, मी दाबलं होतं!” असे ओरडत कड्यावरून सरळ खाली जातो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड सुरू केल्यावर निम्मा त्रास गेला. उरलेला गेला तो माळ्यावरचा काचेचा, पाठीला कुबड असलेला एकवीस इंची टीव्ही उतरवल्यावर. आम्ही दोघांनी तो जिन्यातून आणताना जे हाल केले ते लिहीत नाही, पण त्यावर खेळल्यानंतर मला वाटले की डिस्कच बदलली आहे.

धूळ हा दुसरा शत्रू. आमच्या शहराच्या नावावर कोटी पुष्कळ झाल्या आहेत, मी आणखी करत नाही. मार्चमध्ये एक दिवस डिस्क फिरायची, आवाज करायची आणि वाचली जायची नाही. चपट्या मॉडेलचे झाकण वर उघडते, त्यामुळे लेझरचे भिंग, मसुराच्या दाण्याएवढे, समोरच दिसते. कान साफ करायच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब लावून, अजिबात न दाबता, ते पुसले. काडी तपकिरी झाली. दहा मिनिटे वाळू दिले आणि डिस्क पहिल्या झटक्यात लागली. तेव्हापासून यंत्रावर आईने जुन्या नऊवारीचा तुकडा झाकून ठेवायला सुरुवात केली.

तिसरी गोष्ट सांगताना अजून राग येतो. यंत्राबरोबर आलेले, खेळ कुठवर आला ते साठवणारे मेमरी कार्ड आठ एमबीचे, दिसायला अगदी कंपनीचे होते. तिसऱ्या महिन्यात, क्रमवारीत बऱ्यापैकी वर आलेलो असताना, एका संध्याकाळी ते कोरे निघाले. नक्कल केलेले कार्ड होते, हे विकणाऱ्याला ठाऊक होते की नाही मला माहीत नाही. त्याने फोन उचलणे बंद केले. आता माझ्याकडे दोन कार्डे आहेत आणि दर रविवारी एकावरचे दुसऱ्यावर उतरवतो. पण दौरा पुन्हा तळापासून खेळताना जे घडले ते नोंदवण्यासारखे आहे. पहिल्या खेपेला जे उतार मी तीन आठवडे झगडून पार केले होते, ते या खेपेला चार दिवसांत संपले. सेव्ह पुसले गेले होते, बोटांतले पुसले गेले नव्हते.

दोघांनी पडदा वाटून खेळण्यात या खेळाचा खरा रंग आहे. आयुष्यभर मोबाइलवर बंदुकीचे खेळ खेळलेला माझा तेरा वर्षांचा पुतण्या पहिल्या दिवशी म्हणाला, “काका, यात कोणाला मारायचं?” कोणालाच नाही म्हटल्यावर तो अर्धा तास रुसला. आता तो शर्यतीत मला तीनांतून दोनदा हरवतो. आई शेजारी शेंगा सोलत बसते आणि तिला खेळाचा एकच नियम कळलेला आहे. कोणी आदळले, की मान वर न करता ती म्हणते, “पडना का?” एकदा मी तिला समजावले की हा बर्फाचा डोंगर आहे, खाली येताना अशा उड्या मारायच्या असतात. तिने बराच वेळ पाहिले आणि विचारले, “वर कसा जास मंग?” या प्रश्नाला खेळात उत्तर नाही. प्रत्येक वेळी माणूस वरच सुरू होतो.

घ्यायचा असेल त्याने डिस्क मूळची आणि आपल्याकडच्या यंत्रांना चालणारी, म्हणजे पाल (PAL) या चित्रपद्धतीची आहे ना, एवढे पाहावे. माझी तशी होती हे निव्वळ नशीब. गेमक्यूबवरच्या आवृत्तीत मारिओ, लुइजी आणि पीच ही निन्टेंडोची मंडळीही उतारावर येतात. मला त्यांची उणीव भासली नाही, पुतण्याला भासली. ज्याने मालिकेतले काहीच खेळलेले नाही त्याने तिसऱ्यापासून सुरू करावे असे सगळे सांगतात. मी उलटे केले, आणि तिसरा आता कोठून तरी मिळवायचा आहे, त्या सलग अर्ध्या तासासाठी. तोवर ‘ऑन टूर’मध्ये दुसऱ्या खेपेच्या दौऱ्यात माझ्या शेवटच्या तीन स्पर्धा बाकी आहेत, त्यांतल्या दोन गुणांच्या, म्हणजे दांडी हलवण्याच्या. त्या मी शाळा सुरू होण्याआधी उरकीन. झाडांमागच्या उंचवट्यावर पूर्ण ७२० अजून बसलेला नाही.